कर्नलमधला ड्रायव्हर आणि हातातला कंट्रोलर

बिनतारी गेम कंट्रोलर लिनक्स संगणकाला जोडण्याचे मार्ग दोनच. एक ब्लूटूथचा, दुसरा बहुधा कंट्रोलरच्या खोक्यातच मिळणाऱ्या यूएसबी डोंगलचा. पहिल्यात संगणकातली ब्लूटूथ चिप वापरली जाते आणि कंट्रोलरची तिच्याशी ओळख करून द्यावी लागते. दुसऱ्यात ही ओळख बहुधा कारखान्यातच झालेली असते. डोंगल खोचला की संगणकाच्या लेखी तो तारेचाच कंट्रोलर ठरतो. लिनक्सवर कंट्रोलर चालत नाही, ही तक्रार जुनी आहे, पण तिच्यात खोट सहसा रेडिओची नसते. त्या कंट्रोलरची बोली जाणणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आहे का, आणि असल्यास तो वापरणाऱ्याच्या कर्नलच्या आवृत्तीपर्यंत पोचला आहे का, यावर बहुतेक सगळे ठरते.

बटण दाबल्यापासून पडद्यावरचे पात्र उडी मारेपर्यंत संदेशाला बरेच टप्पे पार करावे लागतात. ब्लूटूथ चिपकडे आलेला संदेश कर्नल घेते. ओळख पटवणे, परवानगी देणे आणि तुटलेली जोडणी पुन्हा करणे हा कारभार ब्लूझ नावाची प्रणाली पाहते. तिथून संदेश एचआयडी या विभागाकडे जातो. कीबोर्ड, माउस, कंट्रोलर अशी हाताने चालवायची सगळी उपकरणे तिथे एकत्र येतात. विशिष्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर कच्च्या आकड्यांतून 'हे डावे बटण, हा उजवा ट्रिगर' असा अर्थ लावतो आणि इनपुट विभाग तो 'इव्हेंट' नावाच्या एका फाइलीतून बाहेर ठेवतो. 'जेएस' नावाची आणखी एक फाइल तयार होते. ती जुन्या काळच्या जॉयस्टिकची रीत आहे आणि आजचे खेळ तिच्याकडे क्वचितच बघतात. साखळीतला कोणताही दुवा निखळला तरी खेळणाऱ्याला लक्षण एकच दिसते : बटण दाबले आणि काहीच झाले नाही. म्हणून शोध रेडिओपासून खेळापर्यंत क्रमाने घ्यावा लागतो. थेट खेळाच्या सेटिंगमध्ये शिरून तासभर झटापट करणारे बहुतेक चुकीच्या टोकाला असतात.

ब्लूटूथची जोडणी उबुंटू, फेडोरा किंवा लिनक्स मिंटमध्ये सेटिंग्जच्या पानावरून होते. तिथे अडली तर टर्मिनलमधले 'ब्लूटूथसीटीएल' हे साधन जास्त भरवशाचे, कारण अडचण कुठे आहे ते निदान सांगते तरी. 'स्कॅन ऑन' दिल्यावर आसपासच्या उपकरणांचे पत्ते दिसू लागतात. कंट्रोलरचा पत्ता ओळखून 'पेअर', 'ट्रस्ट' आणि 'कनेक्ट' या तीन आज्ञा त्याच क्रमाने द्यायच्या. मधली 'ट्रस्ट' बरेच जण गाळतात. त्या वेळी काही बिघडत नाही, पण दुसऱ्या दिवशी कंट्रोलर चालू केला की तो आपणहून जोडला जात नाही आणि दोष विनाकारण बॅटरीवर जातो. यादीत काहीच दिसत नसेल तर संगणकाचे ब्लूटूथ बंद करून ठेवलेले असू शकते. 'आरएफकिल' ही आज्ञा ते दाखवते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गुंता होतो. जोडणीच्या वेळी दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली ठरवतात. संगणकाचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे एकच, किल्ली मात्र प्रत्येक प्रणालीची निराळी; त्यामुळे विंडोजवर जोडलेला कंट्रोलर लिनक्सला नकार देतो आणि उलटही. दर वेळी नव्याने जोडणे किंवा एकीकडची किल्ली दुसरीकडे उतरवून घेणे, एवढेच उपाय आहेत.

डेस्कटॉप संगणकाला लावायचे स्वस्त ब्लूटूथ डोंगल हा वेगळाच विषय आहे. 'सीएसआर ८५१०' या चिपच्या नावाने विकले जाणारे कित्येक डोंगल नकली चिपचे असतात. विंडोजचा ड्रायव्हर त्यांना सांभाळून घेतो, लिनक्सवर ते सुरूच होत नसत. कर्नलच्या लेखकांनी पुढे या नकलांसाठी मुद्दाम सोय केली, तरी सगळ्या सुधारल्या नाहीत. रिअलटेकच्या नव्या चिपचे डोंगल बरे, पण त्यांना 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज अद्ययावत हवे.

कंट्रोलरच्या घराण्यांपैकी लिनक्सशी सर्वांत चांगले जमते ते सोनीचे. २०१३चा ड्युअलशॉक ४ आणि २०२०चा ड्युअलसेन्स हे दोन्ही साध्या ब्लूटूथवर चालतात. पहिल्यात पीएस आणि शेअर, दुसऱ्यात पीएस आणि क्रिएट ही बटणे एकत्र दाबून धरली की दिवा झपाझप लुकलुकतो. तेवढ्यात जोडून घ्यायचे. त्यांचा 'एचआयडी-प्लेस्टेशन' हा ड्रायव्हर खुद्द सोनीच्या अभियंत्यांनी लिहून कर्नलला दिला. तो २०२१मध्ये ५.१२ या आवृत्तीत आला आणि २०२३च्या ६.२ आवृत्तीपासून ड्युअलशॉक ४ही त्याच्याच ताब्यात गेला. त्याआधी ड्युअलशॉक ४चे काम 'एचआयडी-सोनी' करत असे. नवा ड्रायव्हर एका कंट्रोलरची तीन उपकरणे करतो : बटणे आणि स्टिक, हालचाल ओळखणारे सेन्सर, आणि टचपॅड. टचपॅडवर अंगठा फिरला की डेस्कटॉपवरचा बाण पळतो, याचे कारण हेच. तो बिघाड नव्हे. बॅटरीची पातळी आणि दिव्याचा रंगही प्रणालीला कळतो. ड्युअलसेन्सच्या दोन करामती मात्र ब्लूटूथवर पूर्ण मिळत नाहीत. त्याचे सूक्ष्म कंपन हे मुळात ध्वनीच्या रूपाने पाठवले जाते आणि यूएसबी केबल लावली तरच कंट्रोलर साउंड कार्ड म्हणून दिसतो. बोटाला विरोध करणारे ट्रिगर कर्नलचा ड्रायव्हर उघडे करत नाही. ज्या खेळाला ते हवेत त्याने कंट्रोलरशी थेट बोलायचे.

सोनीचा जुना ड्युअलशॉक ३ इतका सरळ नाही. त्याला नेहमीच्या रीतीने जोडताच येत नाही. आधी केबलने संगणकाला लावायचा, मग ब्लूझचे 'सिक्सॅक्सिस' नावाचे जोडसाधन परवानगी विचारते आणि संगणकाचा पत्ता कंट्रोलरमध्ये लिहून ठेवते. केबल काढून पीएस बटण दाबले की तो त्या पत्त्यावर जातो. डिसेंबर २०२३मध्ये ब्लूटूथ कीबोर्डच्या नावाखाली घुसखोरी करता येते असा एक दोष उघड झाला आणि ब्लूझने किल्ली नसलेल्या उपकरणांना दार बंद केले. ड्युअलशॉक ३ किल्ली ठेवतच नाही, त्यामुळे एका सुरक्षा सुधारणेसरशी चांगले चाललेले कित्येक कंट्रोलर मुके झाले. सेटिंगमध्ये 'क्लासिक बॉन्डेड ओन्ली' हा पर्याय नाकारून ते पुन्हा चालवता येतात, पण दार उघडे राहणे ही त्याची किंमत आहे. नव्या आवृत्त्यांत केबलने ओळख झालेल्यांसाठी निराळी तरतूद आल्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी ब्लूझ अद्ययावत करणे शहाणपणाचे.

निन्टेन्डोच्या स्विच प्रो कंट्रोलर आणि जॉय-कॉनसाठी 'एचआयडी-निन्टेन्डो' हा ड्रायव्हर जानेवारी २०२२च्या ५.१६ या कर्नलपासून आहे. दोन जॉय-कॉन लिनक्सला दोन सुटी उपकरणे दिसतात. त्यांचा एक कंट्रोलर करायला 'जॉयकॉनडी' ही वेगळी सेवा बसवावी लागते. प्रो कंट्रोलरचे ट्रिगर फक्त चालू-बंद जाणतात, अर्धवट दाब नाही. मोटारींच्या शर्यतीसाठी हा कंट्रोलर घेऊ नये.

मायक्रोसॉफ्टच्या कंट्रोलरची कथा सर्वांत गुंतागुंतीची, आणि भारतातल्या घरांत जुने एक्सबॉक्स कंट्रोलर बरेच पडून असल्यामुळे ती नीट समजून घेण्याजोगी आहे. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र भारतात २००६ साली आले. त्याचा बिनतारी कंट्रोलर ब्लूटूथ जाणत नाही. त्याला मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र रिसीव्हर लागतो. सोबतची 'प्ले अँड चार्ज' केबल लावून काम भागेल असे अनेकांना वाटते, पण त्या केबलमधून फक्त वीज जाते. रिसीव्हर मिळाला तर पुढे काही करायचे नाही, कारण 'एक्सपॅड' हा ड्रायव्हर कर्नलमध्ये फार पूर्वीपासून आहे.

२०१३चा एक्सबॉक्स वन कंट्रोलरही मायक्रोसॉफ्टच्या खासगी रेडिओवर चालणारा. ब्लूटूथ आले ते २०१६मध्ये, १७०८ या मॉडेलपासून. जुन्या बाजारात कंट्रोलर घेताना हा फरक नुसत्या नजरेने ओळखता येतो. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लास्टिक समोरच्या पृष्ठभागाचाच सलग भाग असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या चकचकीत बंपरच्या पट्टीला जोडलेले असेल तर नाही. १७०८ हा कंट्रोलर जुन्या कर्नलवर जोडला जाताच तुटायचा, पुन्हा जोडला जायचा, पुन्हा तुटायचा. ब्लूटूथमधली हरवलेले संदेश परत पाठवण्याची 'ईआरटीएम' ही रीत आणि या कंट्रोलरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) यांचे पटत नसे. ती रीत बंद केली की जोडणी टिके. नव्या कर्नलमध्ये याची गरज राहिलेली नाही, तरी ती रीत बंद करण्याची आज्ञा अजून सल्ल्यात फिरत असते आणि कारण न जाणता दिली जाते.

२०२०च्या एक्सबॉक्स सीरीज कंट्रोलरचे मॉडेल १९१४. त्याच्या फर्मवेअरमध्ये २०२१पासून कमी ऊर्जेचे ब्लूटूथ आले. लिनक्सवर तो लगेच जोडला जात नसेल तर पहिला उपाय म्हणजे फर्मवेअर अद्ययावत करणे, आणि इथेच लिनक्सवाल्याची पंचाईत होते, कारण त्यासाठीचे अधिकृत ॲप फक्त विंडोजवर किंवा एक्सबॉक्सवर मिळते. मित्राच्या संगणकावर केबल लावून एकदा ते काम उरकून घ्यावे. ब्लूटूथवर हे कंट्रोलर कर्नलच्या सामान्य ड्रायव्हरवरही चालतात; ट्रिगरमधले कंपन, बॅटरीची नीट माहिती आणि बटणांची अचूक मांडणी हवी असेल तर 'एक्सपॅडनिओ' हा बाहेरचा ड्रायव्हर बसवावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा यूएसबी वायरलेस अडॅप्टर वापरायचा तर 'एक्सवन' हा आणखी एक बाहेरचा ड्रायव्हर लागतो, आणि त्याचे फर्मवेअर परवान्यामुळे सोबत वाटता येत नसल्याने ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हरमधून उतरवून घ्यावे लागते.

बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट झाले की पुढचे बरेच घोळ उलगडतात. तो डीकेएमएस या व्यवस्थेतून वापरणाऱ्याच्या संगणकावरच बांधला जातो आणि कर्नलची आवृत्ती बदलली की पुन्हा बांधावा लागतो. त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. संगणकात सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड रोखणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हरवर सही करून त्या सहीची किल्ली यंत्रात नोंदवावी लागते, नाहीतर कर्नल त्याला आत घेत नाही आणि पडद्यावर काही सांगतही नाही. या सगळ्याला चालू इंटरनेट हवे. महाबळेश्वरसारख्या मुसळधार पावसाच्या ठिकाणी ही अट वाटते तितकी हलकी नाही. जुलै २०२१मध्ये तिथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या. अशा दिवसांत वीज आणि इंटरनेट असेलच असे धरून चालता येत नाही. कर्नलमध्येच असलेला ड्रायव्हर मात्र कशाचीही वाट पाहत नाही.

स्वस्त बिनतारी गेमपॅड हा भारतातला मोठा वर्ग. कॉस्मिक बाइट, रेडगिअर, इव्होफॉक्स अशा नावांनी मिळणारे कित्येक गेमपॅड २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलसह येतात आणि त्यांतल्या बऱ्याच गेमपॅडना दोन-तीन अवतार असतात. एक्स-इनपुट अवतारात गेमपॅड एक्सबॉक्स ३६०चा कंट्रोलर असल्याची बतावणी करतो आणि एक्सपॅड त्याला लगेच उचलतो. डी-इनपुट अवतारात तो सामान्य एचआयडी उपकरण होतो. चालतो, पण बटणे अदलाबदल झालेली आणि कंपन गायब. मधले होम बटण काही सेकंद दाबून धरल्यावर अवतार बदलतो, हे खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर असते आणि तो कागद पहिल्याच दिवशी केरात जातो. स्विचच्या अवतारात ठेवलेला नकली गेमपॅड तर निन्टेन्डोच्या ड्रायव्हरने विचारलेल्या प्रश्नांना धड उत्तर न देता आल्याने नाकारलाही जाऊ शकतो. एक्स-इनपुटमध्ये असूनही काही घडत नसेल तर 'एलएसयूएसबी' आज्ञेने उत्पादक आणि उपकरण यांचे दोन क्रमांक पाहावेत. एक्सपॅड ठरावीक उत्पादकांनाच ओळखतो. यादीत नसलेला क्रमांक त्याला चालू सत्रापुरता हाताने कळवता येतो.

रेडिओचा भाग आता थोडक्यात, पण डोंगराळ आणि पावसाळी भागासाठी त्यात काही गोष्टी खास आहेत. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला झाला. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि बिनतारी माउस सगळे एकाच पट्ट्यात दाटीने राहतात. ब्लूटूथचा जुना प्रकार १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतो आणि २००३पासून गजबजलेल्या वाहिन्या टाळायलाही शिकला आहे. तरी मे महिन्यात महाबळेश्वरच्या एखाद्या भरलेल्या लॉजमध्ये प्रत्येक मजल्यावर राउटर आणि प्रत्येक हातात फोन असताना टाळायला वाहिन्याच फारशा उरत नाहीत. संगणकाचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेले की मोठा फरक पडतो, कारण लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात.

पावसाला मात्र उगाच दोष दिला जातो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि डिश टीव्ही मध्येच गोठणे तिथे नेहमीचे. पण तो संदेश १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आणि आकाशातून येणारा. खोलीतल्या दोन-तीन मीटरच्या अंतरात २.४ गिगाहर्ट्झला पाऊस किंवा धुके जाणवतही नाही. आड येतात त्या भिंती. जांभ्या दगडाच्या जाड भिंती तशाही लहरी शोषतात, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी. संगणक एका खोलीत आणि खेळणारा दुसऱ्या, ही मांडणी पुण्याच्या फ्लॅटमध्ये चालेल, जुन्या बंगल्यात नाही. दमट हवेचा खरा मार बसतो तो सुट्या सेलच्या कंट्रोलरवर : स्प्रिंगवर गंज चढतो आणि नवे सेल घालूनही कंट्रोलर मध्येच बंद पडतो. कंट्रोलर वापरात नसताना सेल काढून ठेवावेत.

आणखी एक अडथळा संगणकाच्या पाठीवरच असतो. यूएसबी ३ची पोर्ट आणि केबल नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२मध्येच एका अहवालात मांडले होते. बाहेरची हार्ड डिस्क चालू झाली की कंट्रोलर अडखळतो, त्याचे मूळ इथे असू शकते. डोंगल साध्या यूएसबी २च्या पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलने पुढे आणून ठेवला की काम भागते.

जोडणी झाली हे तपासायला 'ईव्हीटेस्ट' वापरावे. 'जेएसटेस्ट' जुन्या फाइलीतून वाचते, त्यामुळे तिथे सगळे ठीक दिसूनही खेळात काही न होणे शक्य असते. ईव्हीटेस्टमध्ये बटणे उमटली की कर्नलचे काम संपले. पुढचा प्रश्न परवानगीचा. लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला जॉयस्टिकची इव्हेंट फाइल आपोआप वाचता येते, पण स्टीमसारख्या खेळ चालवणाऱ्या प्रणालीला कंट्रोलरशी थेट बोलण्यासाठी 'एचआयडीरॉ' आणि आभासी कंट्रोलर निर्माण करण्यासाठी 'यूइनपुट' लागते. त्यांची दारे 'स्टीम-डिव्हायसेस' या पॅकेजमधले यूडेव्हचे, म्हणजे उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेचे, नियम उघडतात. फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतून स्टीम बसवणाऱ्याला हे नियम मूळ प्रणालीत वेगळे बसवावे लागतात. हे न केल्यामुळे आलेल्या तक्रारींची संख्या थोडी नाही.

बटणांची नावे जुळवण्याचे काम एसडीएल ही लायब्ररी करते. तिच्याकडे कंट्रोलरच्या मांडण्यांची मोठी सामाईक यादी आहे आणि यादीत नसलेल्या गेमपॅडची मांडणी स्टीममधून बसवून घेता येते. स्टीम इनपुट चालू असेल तर कोणताही कंट्रोलर खेळाला एक्सबॉक्सचा म्हणून दिसतो, आणि हेच बहुतेक खेळांना सोयीचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि मग विंडोज, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. कन्सोलसाठी घडवलेले असे खेळ कीबोर्डवर अवघडतात. २०१८मध्ये आलेल्या स्टीमच्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजचे बरेच खेळ लिनक्सवर चालू लागले आणि कंट्रोलरचा प्रश्न हौशी लोकांपुरता राहिला नाही. एकच कंट्रोलर खेळात दोन म्हणून दिसत असेल, तर खेळ मूळ कंट्रोलर आणि स्टीमचा आभासी कंट्रोलर असे दोन्ही वाचत असतो. त्यातला एक बंद करावा.

शेवटी आवृत्तीचा हिशेब. डेबियन ११मध्ये ५.१० कर्नल होते, म्हणजे ड्युअलसेन्स आणि स्विच प्रो या दोघांचेही ड्रायव्हर त्यात नाहीत. उबुंटू २२.०४ मूळच्या ५.१५सह आले, ड्युअलसेन्स आहे, स्विच प्रो अवघ्या एका आवृत्तीने हुकला. डेबियन १२च्या ६.१मध्ये दोन्ही आहेत. सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवरच बेतलेले असल्याने त्यालाही हाच हिशेब लागू पडतो. शाळा-कार्यालयांतून उतरलेल्या संगणकांवर लिनक्सचे जुने वितरण तसेच राहिलेले असते, आणि त्यावर नवा कंट्रोलर न चालण्यात नवल नाही.

लिनक्ससाठी नवा बिनतारी कंट्रोलर घ्यायचा तर सध्या ड्युअलसेन्स किंवा ड्युअलशॉक ४ ही सर्वांत निर्धोक निवड आहे. खिसा हलका असेल तर एक्स-इनपुट असलेला डोंगलवाला गेमपॅड घ्यावा, मात्र तो परत करण्याची मुदत संपण्याआधी आपल्याच संगणकावर लावून पाहावा. ब्लूटूथ असलेला एक्सबॉक्सचा कंट्रोलर घरात असेल तर तो ब्लूटूथवरच चालवावा. अडॅप्टरसाठी वेगळे पैसे घालू नयेत. आणि काहीही विकत घेण्याआधी टर्मिनलमध्ये 'यूनेम -आर' ही आज्ञा देऊन आपल्या कर्नलची आवृत्ती पाहून घ्यावी. ती ५.१२च्या (स्विच प्रोसाठी ५.१६च्या) मागे असेल, तर पैसे न खर्चता आधी लिनक्स अद्ययावत करावे.